तेरावा खण

बाईंनी तेराव्या खणाची मूठ धरली, खण चार बोटं पुढे ओढला आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अकरा सतरा. आली.” बाईंचा हात तिथंच थांबला. “आत कोणी आलंय का?” त्यांनी विचारलं. “छे छे, बायको आहे,” तो घाईघाईनं म्हणाला, “तिचं आपलं काहीतरी चालू असतं. हा खण बघा ना, सगळ्या गांधीलमाश्या आहेत यात. ही डावीकडची रांग तर...” पण बाईंनी डावीकडची रांग पाहिली नाही. आतून पुन्हा आवाज आला, स्वच्छ, कोरडा, कुणालाच उद्देशून नसलेला. “अकरा एकोणीस. गेली.” बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला, “जरा बघू का?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या उठून आत गेल्या. खण चार बोटं उघडा राहिला. त्यातून डांबरगोळ्यांचा वास येत होता. तो तसाच, हात गुडघ्यांवर ठेवून, बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. त्याला वाटलं, येतील पाच मिनिटांत. पाहुण्या माणसाला घरच्या बाईशी दोन शब्द बोलावेच लागतात, रीत असते.

या बाई संग्रहालयातल्या कीटक विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांनी आज या खोलीत येऊन बसावं यासाठी त्यानं एकतीस वर्षं काढली होती. पहिली दोन पत्रं कुठं गडप झाली कोण जाणे. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं तेव्हा त्यानं ते तीनदा वाचलं आणि बायकोला नुसतं “रविवारी एक जण येणार आहेत” एवढंच सांगितलं, कारण फार आनंद झाला की तो कमी बोलायचा. चोवीस खण. चार हजारांवर कीटक. पहिले बारा खण भुंगेऱ्यांचे, मग माश्या आणि गांधीलमाश्या, शेवटी पतंग. प्रत्येक कीटकाच्या सुईवर खाली नखाएवढा कागद, त्यावर काळ्या शाईनं जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव. हे अक्षर भिंगाशिवाय वाचता यायचं नाही, आणि भिंगातून पाहिलं की छापल्यासारखं दिसायचं. त्याच्या पोटापाण्याच्या कामानं हाताला ही सवय लावली होती. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होता. लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे यायचे, त्यावर मेण, मेणात दात, मग गुलाबी हिरड्या. रस्त्यात कुणी हसलं तर माणूस ओळखू यायचा नाही, पण खालचे पुढचे चार दात आपलेच हे त्याला बरोबर कळायचं. कीटक मारायच्या बरणीच्या बुडाशी विषारी औषध शोषून धरायला घालायचं प्लास्टरही तो तिथूनच पुडीत बांधून आणायचा. लेबल नसलेला कीटक म्हणजे केर, असं तो म्हणायचा, आणि एकतीस वर्षांत त्यानं एकही लेबल खोटं लिहिलं नव्हतं. एकदा तारीख नक्की आठवेना म्हणून एक सुंदर हिरवा भुंगेरा त्यानं सरळ टाकून दिला होता. बाईंना हे सगळं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. भुंगेऱ्याची गोष्ट, भुंगेऱ्यांचे खण संपले की, तेराव्या खणापाशी सांगायची असंही ठरलं होतं.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मग तोही आत गेला. बायको खिडकीशी ओट्याला टेकून स्टुलावर बसली होती, मांडीवर वही होती, आणि संग्रहालयाच्या बाई चक्क फरशीवर बसून मान वर करून खिडकीच्या चौकटीकडे पाहत होत्या. चौकटीच्या लाकडावर मातीचे बोराएवढे गडू ओळीनं चिकटवलेले होते. पाच बंद होते, सहाव्याचं तोंड उघडं होतं. कुंभारीण, मातीची घरटी बांधणारी गांधीलमाशी. त्यानं एका दृष्टिक्षेपात ओळखली, त्याच्याकडे तिच्या जातीच्या तीन होत्या, डावीकडच्या रांगेत. महिनाभर बायको इथं बसते हे त्याला माहीत होतं. पोरीची जुनी गुलाबी नेलपॉलिश काडीवर घेऊन तिनं त्या कुंभारणीच्या पाठीवर ठिपका दिला होता, तेव्हा तो हसलाही होता. “हिला आता लिपस्टिकही लावून दे,” असं म्हणाला होता.

“चौथा बंद आहे, पण रिकामा आहे,” बायको बाईंना सांगत होती.

“रिकामा? फोडून पाहिलात?”

“फोडायचा कशाला? बांधायला घेतल्यापासून तोंड बंद करेपर्यंत मी इथंच होते. बाकीच्यांत आधी शेपूट आत घालून अंडं ठेवलं, मग पाच-पाच सहा-सहा अळ्या नेल्या. यात काहीच नाही. नुसतं बांधलं आणि मातीनं लिंपून टाकलं. हे बघा, सगळ्या वेळा आहेत.”

“मध्ये जेवायला उठला असाल एखादवेळी.”

“इथंच जेवले.”

बाईंनी वही हातात घेतली. खणांपाशी त्या बारा खणांना मिळून वीसेक मिनिटं बसल्या होत्या, दर खणाला “वा” किंवा “छान राखलंय” म्हणत. वहीची पानं मात्र त्या एकेक करून उलटत होत्या, आणि मध्येच मागे जाऊन पुन्हा तपासत होत्या. “ताई,” त्या म्हणाल्या, “हे असं कुणी बसून पाहिलेलं नाही हो. सुईवरची कुंभारीण आमच्याकडे ढिगानं आहे. रिकामा गडू सुईवर कसा दिसणार?” ताई. त्याला त्या सकाळपासून ‘सर’ म्हणत होत्या. अर्ध्या तासात बायको ताई झाली होती. “आणि आठवा? तोही तिनं रिकामा सोडला, तर मग दर चौथा. तसं असलं तर आपण ते आमच्या पत्रिकेत छापू, तुमच्या नावानं. पुढच्या रविवारी मी परत येते.” “पुढच्या रविवारपर्यंत आठवा होईल,” बायको म्हणाली, दुधवाला उद्या येईल म्हणावं इतक्या सहज. बाई गेल्या तेव्हा दारात त्याला म्हणाल्या, “सर, उरलेले खण पुढच्या वेळी नक्की.” तो म्हणाला, “हो हो, काही घाई नाही.” चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि आतून पुन्हा, “एक चार. आली.”

त्यानं तेरावा खण लावला नाही. ज्यानं उघडला त्यानं लावावा, असा काहीतरी पोरकट हट्ट मनाशी धरून तो येता-जाता त्या चार बोटांच्या फटीकडे बघायचा. बायकोला ती फट दिसली नाही. मिनिटामिनिटाला माशीची ये-जा टिपणाऱ्या बाईला हातभर अंतरावरचा उघडा खण आठवडाभर दिसू नये, याचं त्याला नवल वाटायचं, मग राग यायचा, आणि रागाच्या तळाशी हात घातला की हाताला जे लागायचं त्याला मत्सर हाच शब्द होता. दुसरा शब्द त्यानं पुष्कळ शोधला. मंगळवारी कामावर त्यानं एका कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मेण गरम करून दात पुन्हा उपटताना त्याला आठवलं, बायको पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. परगावचे कॉल जोडून द्यायची. कुणी, कुठून, कुठे, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, सगळं एका छोट्या तिकिटावर लिहायचं. बंद झाल्याची वेळ घातल्याशिवाय तिकीट पूर्ण होत नाही, असं ती सांगायची, आणि घरीसुद्धा अर्धं तोडलेलं बोलणं तिला चालायचं नाही. लग्न होऊन सहा महिने झाले असतील. तिची दुपारची पाळी होती, त्याला घरात करमेना. तो खाली जाऊन एका दुकानातल्या फोनवरून एक्स्चेंजला फोन लावायचा, नुसता तिचा आवाज ऐकायला. कधी दुसरीच बाई यायची, कधी ती. तिचा तो स्वच्छ, कोरडा आवाज, “बोला, कुठला नंबर?” आणि त्याच्या अंगाचा भडका उडायचा, कारण तोच आवाज त्याच घटकेला कुणाकुणाच्या कानात असेल, व्यापाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या, रडणाऱ्या बायकांच्या, आणि सगळ्यांना सारखाच. एकदा त्यानं कुठल्यातरी गावचा कसलातरी नंबर सांगितला. तिनं जोडून दिला. पलीकडे एक म्हातारा हॅलो हॅलो करत राहिला आणि हा गप्प. मग मध्येच ती म्हणाली, “तीन मिनिटं झाली,” आणि बंद केला. तिनं त्याला ओळखलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी त्यानं हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. “ते तुम्ही होतात? अहो, मला बोलणी बसली त्या दिवशी. बोलणं न होता तीन मिनिटं चाललेला कॉल!” तो म्हणाला होता, “तुला कळायला हवं होतं.” “कसं कळणार?” ती म्हणाली, “तुम्ही बोललाच नाहीत.”

बुधवारी पोरीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त दूर राहायची आणि बुधवारी फोन करायची. “बाबा, आईचं नाव छापून येणार म्हणे! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तुमचंही असेलच ना त्यात?” “माझं कशाला?” तो म्हणाला. “अहो, किड्यांचं वेड तर तुमचं!” “वेड माझं,” तो म्हणाला आणि बायकोच्या हातात फोन दिला. त्या दोघी बराच वेळ हसत होत्या. मध्येच बायको फोनवर हात ठेवून म्हणाली, “सहा दोन. आली,” आणि पुन्हा हसायला लागली. तो ओट्यापाशी उभा राहून कुंभारणीकडे बघत होता. हिरवी अळी पायांत कवटाळून ती आली, गडूच्या तोंडाशी टेकली, अळी आत सारली, बाहेर आली, मिशा पुसल्या, गेली. त्यात एवढं काय आहे, हे त्याला खरोखरच कळेना. मग त्याचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडे गेलं. फोन कानाशी होता, पोरगी पलीकडून बोलत होती, पण डोळे त्या माशीबरोबर खिडकीबाहेर गेले होते आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तिथंच थांबले होते. आपण इतकी वर्षं रोज घराबाहेर पडतो, त्याच्या मनात आलं, हिचे डोळे असे कधी आपल्या पाठीमागे गेले का? आपण किती वाजता निघतो हे तरी हिला सांगता येईल का? माशीचा हेवा करण्याइतके आपण खाली आलो, म्हणून तो स्वतःशीच हसला, पण हसू काही धड आलं नाही. लहानपणी त्याच्या धाकट्या भावाला कसलासा ताप होता, आणि आई दिवसदिवस त्याच्या उशाशी बसून असायची. त्यानं अंगणात एक सोनकिडा पकडला, काडेपेटीत घातला आणि आईपुढे धरला. आईनं मान वळवली. “अरे, बघू, बघू,” म्हणाली. मग काडेपेटी हातात घेतली आणि भावाला दाखवायला गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक पकडला. त्यानंतर तो थांबलाच नाही.

शनिवारी अर्धा दिवस असतो. तो दोनला घरी आला तेव्हा बायको जेवायची थांबली होती, आणि त्याच्यासाठी थांबली नव्हती. “दीडला आठव्याचा गळा पुरा झाला,” तिनं ताट वाढता वाढता सांगितलं. तिचे कान लाल झाले होते. “अंडं घातलं नाही बहुतेक, पण मला नीट दिसलं नाही, ती पाठमोरी होती. आता एक तर अळी आणील नाहीतर माती. अळी आणली तर भरणार, माती आणली तर रिकामा बंद करणार. एवढ्यावर सगळं आहे.” तिनं तीन घास खाल्ले आणि उठली. साडेतीनपर्यंत कुंभारीण दोनदा येऊन नुसती गडूत डोकावून गेली. मग बायकोनं घड्याळ पाहिलं, कपाळाला हात लावला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चारची वेळ दिलीय, महिन्यापूर्वी घेतलेली. नाही गेले तर पुन्हा महिना. तेवढं बघाल का? जास्त काही नाही. आली की वेळ लिहायची, आणि पायात अळी आहे की तोंडात माती, तेवढं. तुमच्याइतकं नीट कोण बघणार दुसरं?” हे शेवटचं वाक्य तिनं दारातून, चपला घालता घालता म्हटलं. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. त्यालाही ते मनापासून वाटलं आणि पाच मिनिटं तो स्टुलावर ताठ बसून खिडकीकडे पाहत राहिला.

मग त्यानं वही उघडली. बाईंनी जशी पाहिली तशी, पहिल्या पानापासून. तारखा, वेळा, आली, गेली, माती, अळी. एक्स्चेंजमधलं तिचं अक्षर, उभं आणि घाईचं, पण एकही आकडा दोनदा गिरवलेला नाही. तो वाचत होता ते कुंभारणीसाठी नव्हतं. तो स्वतःला शोधत होता. महिनाभर तोही याच घरात होता, याच ओट्याशी चहा पीत होता, कुठं ना कुठं असणारच. तीन ठिकाणी सापडला. ‘८.५०. हे खिडकी लावायला आले. ती परत फिरली.’ ‘६.१०. यांचा चहा. तीन मिनिटं नजर चुकली.’ आणि पुढं, ‘यांच्या बरणीचा वास. अर्धा तास आली नाही.’ बस. त्यानं पानं पुन्हा चाळली. मागची कोरी पानंही पाहिली. चौथं काही नव्हतं. ढग आल्याच्या नोंदी अकरा होत्या, शेजारच्या मांजराच्या सहा. उद्या बाई हीच वही नेणार, हेच तीन उल्लेख वाचणार, एक खिडकी, एक चहा आणि एक दुर्गंध. तो उठला, पुढच्या खोलीतून बरणी आणि हातजाळी घेऊन आला आणि ती ओट्यावर ठेवून पुन्हा बसला. काही करायचं त्याच्या मनात नव्हतं. बरणी हाताशी असली की त्याला बरं वाटतं, एवढंच, असं तो स्वतःला सांगत होता, आणि बरणीचं झाकण मात्र त्यानं सैल करून ठेवलं होतं.

कुंभारीण आली तेव्हा त्यानं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. महिनाभर बायकोच्या वेळा ऐकून त्यालाही ती खोड लागली होती. चार बेचाळीस. मग मनगटाचा एक झटका, एकतीस वर्षांचा सराव, जाळी चौकटीवर टेकली आणि मिटली. खिडकीबाहेर काहीतरी खाली पडल्यासारखं त्याला वाटलं. जाळीतून बरणीत, बरणीवर झाकण. ती काचेवर दोनदा आपटली, मग प्लास्टरवर बसली, मिशा पुसल्या, एका बाजूला कलली. नेहमी कीटक असा कलला की त्याला छातीत काहीतरी उघडल्यासारखं वाटायचं. आज तसं काही झालं नाही. पण हाताला थांबता येईना. त्यानं तिला पुढच्या खोलीत नेलं, दिवा ओढला, पाय सारखे केले, पंख पसरले. गांधीलमाशीला सुई मधोमध टोचत नाहीत, किंचित उजवीकडे टोचतात, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. सुई गुलाबी ठिपक्याच्या कडेतून गेली. दात कोरायचं हत्यार समोरच होतं, ठिपका खरवडून काढायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण नमुन्याला हात लावायचा नसतो. मग त्यानं नखाएवढा कागद कापला, टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, स्वयंपाकघराची खिडकी. त्याखाली आजची तारीख. त्याखाली आपलं नाव. अक्षर नेहमीसारखंच आलं. हे लेबल आपल्याच गळ्यात बांधलं जातंय हे त्याला दिसत नव्हतं असं नाही, पण लेबलाशिवाय ठेवायची म्हणजे तिला केरात टाकायची, आणि ते त्याच्यानं होईना. तिची जागा ठरलेली होती. तेराव्या खणात, डावीकडच्या रांगेत, तीन जणींच्या खाली चौथी. खण चार बोटं उघडाच होता, त्यानं तो पुरता ओढला, सुई बुचात रोवली आणि आठवड्यात पहिल्यांदाच खण नीट लावून टाकला. हा खण आता कोण उघडणार आहे? तेवढी एक खात्री त्याला आठवडाभरात अगदी पक्की झाली होती.

सव्वापाचला बायको आली. डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे तिला जवळचं सगळं धूसर दिसत होतं आणि ती भिंतीला हात लावत लावत थेट स्वयंपाकघरात गेली. “आली होती?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“नाही ना. बसून होतो मी.”

तिनं पेन उघडलं, वही डोळ्यांशी धरली, मग दूर धरली, आणि नेहमीसारखी बोलत बोलत लिहिलं, “तीन पस्तीस ते पाच पंधरा. आली नाही. यांनी पाहिलं.” मग ती त्याच्याकडे वळून हसली. इतक्या मोठ्या, काळ्याभोर बाहुल्या, आणि त्यात तो दिसत होता की नुसता एक आकार, कोण जाणे. “दमलात का? चहा करते.” तो म्हणाला, “नको.” यांनी पाहिलं. चौथा उल्लेख. महिनाभरातला पहिला चांगला. तो बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला. सात वाजता, अंधार पडल्यावर, ती खिडकीशीच होती. “कुठं अडकली असेल?” ती म्हणाली. “उद्या येईल,” तो म्हणाला. सकाळी उठून ती सुई काढून घ्यावी असं त्यानं ठरवलं, पण सकाळी सहाला बायको पुढच्या खोलीत येऊन खण बाहेरून पुसायला लागली. बाई येणार म्हणून. एकतीस वर्षांत तिनं खणांना हात लावला नव्हता, त्यालाच आवडायचं नाही. “मागच्या वेळी त्यांनी तुमचे नीट पाहिलेच नाहीत,” ती कापूस फिरवत म्हणाली, “मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे राहिले. आज आधी तुमचे दाखवू.” त्याला तिच्याकडे बघवेना. ही जर वाईट असती तर किती बरं झालं असतं.

पण बाई आल्या त्या आधी खिडकीकडेच गेल्या. दहापासून अकरापर्यंत दोघी बसल्या, आणि आतून एकही वेळ ऐकू आली नाही. पुढच्या खोलीत तो त्या शांततेकडे कान लावून बसला होता. शेवटी बाईंचा आवाज आला, “होतं असं, ताई. पाखरू उचलतं, वारा नेतो. सात गडूंचं तर आहे आपल्याकडे.” “पण आठव्याचं काय ते कळायला हवं होतं,” बायको म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो ओला होता. मग बाई बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “कुंभारीण येईपर्यंत तुमचं बघू या, सर. तेरावा राहिला होता ना?” तो काही बोलणार, “चौदाव्यापासून” असं काहीतरी, तोवर बाईंनी मूठ धरून खण पुरता ओढलासुद्धा. त्यांनी भिंग घेतलं. वरून पहिली, दुसरी. “काय सुंदर लिहिता हो तुम्ही,” त्या म्हणाल्या, “आमच्या संग्रहालयात अशी लेबलं नाहीत. खरंच सांगते. हे कुणीतरी शिकायला हवं तुमच्याकडून.” एकतीस वर्षं ज्या वाक्यासाठी तो थांबला होता ते हेच, जवळजवळ याच शब्दांत, आणि ते ऐकताना तो खणाच्या कडेकडे बघत होता. भिंग तिसऱ्या कुंभारणीवर आलं. मग चौथीवर आलं आणि तिथंच राहिलं. बाईंनी लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. बायको दारात उभी होती, डोळे आता निवळले होते. तिला भिंग लागलं नाही. गुलाबी ठिपका दारातूनही दिसत होता.

ती आत गेली. आता ती येणार नाही असं त्याला वाटलं, पण ती आली, हातात वही आणि पेन. तिनं त्याच्या समोरचं स्टूल ओढलं, बसली, वही मांडीवर घेतली आणि पान काढलं.

“किती वाजता?”

तिचा आवाज स्वच्छ आणि कोरडा होता. दुकानातल्या फोनवर ऐकलेला.

“चार बेचाळीस,” तो म्हणाला.

“पायात अळी होती की तोंडात माती?”

तो आठवू लागला. घड्याळ आठवलं, मनगट आठवलं, जाळीची कड चौकटीवर टेकली तो आवाज आठवला. “काहीतरी पडलं खाली,” तो म्हणाला. ती थांबली होती, पेन टेकवून. बाईही थांबल्या होत्या. अख्ख्या आयुष्यात त्याच्या उत्तराची इतकी वाट कुणी पाहिली नव्हती. “मी... मी पाहिलं नाही.”

तिनं मान हलवली. “चार बेचाळीस. गेली,” असं म्हणत तिनं लिहिलं. पुढं लिहिताना ती बोलली नाही, पण बारीक अक्षर उलटं वाचायची त्याला सवय होती. ‘यांनी धरली. अळी की माती, कळलं नाही.’ मग ती एक ओळ वर गेली, कालच्या नोंदीवर, आणि तिनं ‘आली नाही’ वर एक सरळ रेघ मारली, चुकलेलं तिकीट रद्द करताना मारायची तशी. त्यापुढे दोन शब्द राहिले होते, ‘यांनी पाहिलं’. पेन त्यांच्यापाशी जरा वेळ थांबलं. मग तिनं त्यांच्यावरही तशीच रेघ मारली.